दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ

एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या राज्यपालांनी अडवून ठेवलेल्या विधेयकांवर निकाल दिला, राष्ट्रपतींनाही निर्णयासाठी मुदत घालून दिली आणि आपल्याकडचा एक जुना वाद पुन्हा पेटला. तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी संसदेच्या वर कोणीही नाही, असे ठणकावले. दोन महिन्यांनी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांनी अमरावतीच्या सत्कारात सांगितले की सर्वोच्च आहे ते संविधान, आणि तिन्ही स्तंभ त्याच्याखाली काम करतात. नोव्हेंबरमध्ये घटनापीठाने राष्ट्रपती आणि राज्यपालांना अशी मुदत घालता येणार नाही, असे मत दिले. मूळ प्रश्न तिथे बराचसा निकाली निघाला. वाद मात्र चालूच राहिला. एक बाजू म्हणते, कोट्यवधी मतदारांनी निवडून दिलेल्यांना कोणीही न निवडलेली माणसे कशी काय अडवतात? दुसरी म्हणते, संविधान सर्वोच्च आहे, विषय संपला. दोघांचेही आवाज चढलेले असतात आणि दोघांचीही मांडणी अर्धवट असते.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. आपल्या संसदेची ताकद गेल्या काही दशकांत आटली आहे यात शंका नाही. पण ती न्यायालयाने नेलेली नाही. ती सभागृहातच पहिल्या बाकावर बसणाऱ्या मंत्रिमंडळाने नेली आणि बाकीच्या सदस्यांनी 'होय, होय' म्हणत ती देऊन टाकली. संसद विरुद्ध न्यायालय हा सामना जितका रंगतो, तितके या हस्तांतराकडे कमी लक्ष जाते. म्हणूनच कोणत्याही पक्षाच्या सरकारला हा सामना हवाहवासा वाटतो.

संसदेच्या सार्वभौमत्वाची बाजू हुकूमशहांचे वकीलच मांडतात, असा एक समज पुरोगामी वर्तुळात आहे. तो इतिहासाला धरून नाही. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संसदेला मूलभूत हक्कांत काटछाट करता येणार नाही असे ठरवले, तेव्हा संसदेचा तो अधिकार परत मिळवण्यासाठी काही आठवड्यांतच लोकसभेत अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, मांडले ते नाथ पै यांनी. राजापूरचा हा समाजवादी खासदार लोकशाहीवर निस्सीम श्रद्धा असलेला होता. त्यांची तळमळ समजायला आधीची दीड-दोन दशके आठवावी लागतात. जमीनदारी निर्मूलनाचे कायदे मालमत्तेच्या हक्काच्या नावाखाली न्यायालयांत अडकत होते. पहिली घटनादुरुस्ती १९५१ मध्येच करावी लागली होती. पुढे १९७० मध्ये बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदाही न्यायालयात टिकला नाही. ज्याच्याकडे जमीन, बँक आणि महागडा वकील आहे, त्याच्या हक्कांना न्यायालय पावते आणि कुळाला पावत नाही, असे त्या काळात एखाद्याला वाटले असेल तर त्यात नवल काय? निवडून आलेल्या सभागृहाला बदल घडवता येत नसेल, तर मग मत कशासाठी द्यायचे, हा प्रश्न तेव्हाही खरा होता आणि आजही आहे.

आजच्या काळातले या बाजूचे सर्वात वजनदार उदाहरण न्यायिक नियुक्ती आयोगाचे. ऑगस्ट २०१४ मध्ये लोकसभेने न्यायाधीश नेमण्यासाठी हा आयोग आणणारी घटनादुरुस्ती ३६७ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केली. राज्यसभेतही विरोधात एकही मत पडले नाही, आणि निम्म्याहून अधिक राज्यांच्या विधानसभांनी मान्यता दिली. ऑक्टोबर २०१५ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ४ विरुद्ध १ अशा बहुमताने ती रद्द केली आणि न्यायाधीशांनीच न्यायाधीश नेमण्याची न्यायवृंदाची पद्धत कायम राहिली. ही न्यायवृंद पद्धत संविधानाच्या मजकुरात कुठेही नाही. ती न्यायालयाच्याच निकालांतून जन्मली. आपल्याच नियुक्त्यांचा प्रश्न आपणच ऐकायचा आणि आपल्याच बाजूने सोडवायचा, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. ज्या 'मूलभूत चौकटी'च्या, म्हणजे घटनादुरुस्तीनेही बदलता येत नाही अशा संविधानाच्या गाभ्याच्या, आधारे ते झाले तिची यादी कुठे छापलेली नाही, हा आक्षेपही खोटा नाही.

एवढे मान्य केल्यावरही 'संसद सार्वभौम' हा निष्कर्ष निघत नाही. कारण आपल्या संसदेची घडणच तशी नाही. ब्रिटनची पार्लमेंट राजाशी झगडून, त्याच्या हातून तुकड्या-तुकड्याने सत्ता काढून घेत मोठी झाली. तिच्या डोक्यावर एकसंध लिखित संविधान नाही. आपली संसद संविधानाच्या ७९ व्या कलमाने जन्माला आली. कोणत्या विषयावर कायदा करता येईल हे तिला सातव्या अनुसूचीतल्या याद्या सांगतात. कोणता कायदा करता येणार नाही हे १३ वे कलम सांगते. खासदारांना ज्या प्रौढ मताधिकाराचा अभिमान आहे, तो ३२६ व्या कलमातून येतो. आणि सर्वात बोलकी गोष्ट म्हणजे आपली संसद स्वतःहून एकत्र जमूही शकत नाही. ८५ व्या कलमानुसार अधिवेशन राष्ट्रपती बोलावतात, म्हणजे प्रत्यक्षात मंत्रिमंडळ बोलावते. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये, एवढेच काय ते बंधन. डिसेंबर २०२० मध्ये कोविडचे कारण देऊन हिवाळी अधिवेशन झालेच नाही. सप्टेंबर २०२३ चे विशेष अधिवेशन जाहीर झाले तेव्हा ते कशासाठी आहे हे विरोधी खासदारांनाही ठाऊक नव्हते. स्वतःच्या इच्छेने जमू न शकणाऱ्या सभेला सार्वभौम म्हणायचे असेल, तर मग पराधीन कोणाला म्हणायचे?

यावर एक चलाख प्रतिप्रश्न येतो, आणि तो टाळू नये. संविधान सभा तरी कुठे सर्व प्रौढांच्या मतांवर निवडली गेली होती? १९४६ च्या मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी तिचे सदस्य पाठवले. मग तिच्या शब्दाने आजची लोकसभा का बांधली जावी? उत्तर असे की १९५१-५२ पासूनची प्रत्येक सार्वत्रिक निवडणूक त्याच संविधानाच्या अटींवर लढली गेली. खासदाराच्या शपथेतच संविधानावरची निष्ठा आहे. पाच वर्षांसाठी, अमुक मर्यादेत, अमुक पद्धतीने काम करण्याचा कौल मतदार देतो. वाटेल ते करण्याचा देत नाही. शिवाय 'लोकांनी दिलेले बहुमत' ही गोष्टही जपून बोलायची आहे. १९८४ मध्ये काँग्रेसने चारशेहून अधिक जागा जिंकल्या तेव्हा तिला सुमारे ४९ टक्के मते होती. २०१४ मध्ये भाजपला २८२ जागा मिळाल्या त्या सुमारे ३१ टक्के मतांवर. सरकार बनवायला हे रास्तच आहे, नियमच तसे आहेत. पण सभागृहातले बहुमत म्हणजे साक्षात जनता, असे समीकरण मांडणाऱ्याने हे आकडे एकदा बघावेत.

आणि 'संसद सर्वोच्च' या तत्त्वाचा प्रयोग आपण एकदा केलेला आहे. ३९ वी घटनादुरुस्ती ७ ऑगस्ट १९७५ रोजी लोकसभेत मांडली गेली आणि त्याच दिवशी मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत. १० तारखेला राष्ट्रपतींची सही. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवणारी ही दुरुस्ती होती, आणि ११ ऑगस्टला इंदिरा गांधींच्या निवडणुकीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे यायचे होते. वर्षभराने ४२ वी दुरुस्ती आली. संसदेने केलेली घटनादुरुस्ती कोणत्याही न्यायालयात आव्हानास पात्र नाही, असे तिने लिहून टाकले आणि लोकसभेची मुदत सहा वर्षे केली. कागदावर संसद इतकी बलवान पूर्वी कधीच नव्हती, नंतरही झाली नाही. प्रत्यक्षात काय होते? विरोधी पक्षांचे अनेक खासदार तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आणि सभागृहात एका व्यक्तीच्या इच्छेवर उमटणारा शिक्का. न्यायालयाच्या हातून काढून घेतलेली सत्ता संसदेकडे आलीच नाही. ती तिथून थेट पंतप्रधानांच्या कार्यालयात गेली.

शेजारी पाहा. ३ एप्रिल २०२२ रोजी पाकिस्तानच्या नॅशनल असेंब्लीत उपाध्यक्षांनी इम्रान खान यांच्यावरचा अविश्वास ठराव मतदानाशिवायच फेटाळला आणि पाठोपाठ असेंब्ली विसर्जित झाली. चार दिवसांत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असेंब्ली पुन्हा उभी केली आणि मतदान घ्यायला लावले. सप्टेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी पार्लमेंट पाच आठवड्यांसाठी स्थगित केली, तेव्हा ब्रिटनच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने ती स्थगिती बेकायदा ठरवली आणि खासदार पुन्हा बाकांवर येऊन बसले. पार्लमेंटच्या सार्वभौमत्वाचे माहेरघर म्हणतात त्या देशातली ही गोष्ट. दोन्ही ठिकाणी विधिमंडळाचा गळा आवळला होता तो सरकारने, आणि तो सोडवला न्यायालयाने.

असे असले तरी दुसऱ्या बाजूला मोकळे सोडता येत नाही. 'संविधान सर्वोच्च' म्हणून थांबणारे लोक एक आळशी गृहीतक बाळगतात, की संसदेत काहीही होऊ दे, न्यायालय नंतर बघून घेईल. न्यायालय बघते, पण कधी? निवडणूक रोख्यांचे प्रकरण जरा जवळून पाहू. २०१७ च्या वित्त विधेयकात करांच्या तरतुदींच्या आडोशाने निवडणूक रोखे, म्हणजे नाव जाहीर न करता पक्षांना देणगी देण्याचे साधन, आले. सोबतच कंपन्यांनी पक्षांना द्यायच्या देणग्यांवरची कमाल मर्यादाही उठली. आधी ती तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के होती. विधेयक धनविधेयक म्हणून, म्हणजे फक्त कर आणि सरकारी खर्चासारख्या विषयांचे विधेयक म्हणून, आणलेले. धनविधेयकावर राज्यसभेला फक्त शिफारशी करता येतात, आणि त्या स्वीकारायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. २९ मार्च २०१७ रोजी राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या. कंपन्यांच्या देणग्यांवरची मर्यादा आणि पारदर्शकता हा त्यातला एक मुद्दा होता. दुसऱ्याच दिवशी लोकसभेने त्या पाचही फेटाळल्या. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने रोखे रद्द केले आणि अमर्याद कॉर्पोरेट देणग्यांची तरतूदही रद्द केली.

म्हणजे जो आक्षेप न्यायालयाने सात वर्षांनी उचलून धरला, तो राज्यसभेने विधेयक कायदा होण्याआधीच नोंदवला होता. त्या सभागृहाच्या शब्दाला वजन असते, तर विधेयकावर खडाजंगी झाली असती, काही देवाणघेवाण झाली असती. वजन का नव्हते? विधेयकाला एक लेबल चिकटवले गेले होते म्हणून. ते लेबल चिकटवण्याचा अधिकार ११० व्या कलमाने लोकसभेच्या अध्यक्षांना दिला आहे आणि त्यांचा निर्णय अंतिम मानला जातो. आधार कायद्याचेही २०१६ मध्ये असेच झाले. २०१८ च्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या भिन्नमतपत्रात याला संविधानाशी केलेली लबाडी म्हटले, पण ते पडले अल्पमतात. धनविधेयक नेमके कशाला म्हणायचे, हा प्रश्न २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. आता सांगा, या गोष्टीत संसदेचा अपमान कोणी केला? २०२४ मध्ये न्यायालयाने, की २०१७ मध्ये तिच्याच एका सभागृहाला प्रेक्षक बनवणाऱ्यांनी?

अध्यादेशाची गोष्ट जुनी आहे आणि ती सर्वपक्षीय आहे. अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज पडली तर १२३ व्या कलमानुसार सरकार अध्यादेश काढू शकते. ही सोय हवीच, तिच्याशिवाय राज्य चालणार नाही. पण लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर, ज्यांचे मूळ आपल्या कोकणातले, त्यांनी नेहरूंनाच पत्र लिहून बजावले होते की अगदी निकड असल्याशिवाय अध्यादेश काढणे लोकशाहीला धरून नाही. पंतप्रधान नेहरूंच्या उंचीचा, बहुमत प्रचंड, अध्यक्ष त्याच पक्षाचा, आणि तरी पत्र गेले. पुढे बिहारमध्ये या सोयीचे काय झाले ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डी. सी. वाधवा यांनी जुनी राजपत्रे उपसून बाहेर काढले. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवलेले, काही तर चौदा-चौदा वर्षे. विधानसभेपुढे न जाता चौदा वर्षे चाललेला कायदा! वाधवा स्वतः याचिकाकर्ते झाले आणि डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. विधिमंडळाचा हिरावलेला अधिकार इथे परत मिळवून दिला तो एका प्राध्यापकाने आणि न्यायालयाने. ज्यांचा अधिकार होता ते आमदार कुठे होते?

ते पक्षाच्या रांगेत होते, आणि १९८५ नंतर ती रांग कायद्याने सक्तीची झाली. ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले तर सदस्यत्व जाऊ शकते. यामागचे कारण क्षुल्लक नव्हते. १९६७ मध्ये हरियाणाच्या गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलून देशाला 'आयाराम गयाराम' हा शब्दप्रयोग दिला, आणि त्यानंतर अनेक राज्यांत सरकारे पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली. घोडेबाजार थांबायला हवा होता, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण थांबला का? महाराष्ट्राच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. २०२२ ते २०२४ मध्ये दोन मोठे पक्ष उभे चिरले गेले. सुरत, गुवाहाटी, गोवा अशी वरात आपण सगळ्यांनी दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिली. अपात्रतेचे अर्ज अध्यक्षांपुढे महिनोन् महिने पडून राहिले, आणि अखेर ना या गटाचे आमदार अपात्र ठरले ना त्या. घाऊक फुटणाऱ्याला हा कायदा पकडू शकत नाही. पकडतो कोणाला, तर जो एकटा उभा राहून म्हणतो की पक्ष माझाच आहे, सरकारही राहू दे, पण या विधेयकातले हे कलम माझ्या मतदारसंघातल्या शेतकऱ्याला मारक आहे. त्याला.

शिस्तीशिवाय पक्ष चालत नाहीत, हे मान्य. ब्रिटनमध्येही व्हिप असतो आणि चांगला कडक असतो. पण तो मोडला तर पक्ष खासदाराला काढतो, खासदारकी जात नाही. म्हणून थेरेसा मे यांच्या ब्रेक्झिट कराराला जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या शंभरावर खासदारांनी पाडले आणि तरीही दुसऱ्याच दिवशी अविश्वास ठरावावर सरकार तरले. सरकार टिकवणे आणि सरकारचे प्रत्येक विधेयक गिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने हेच सुचवले होते, की अपात्रतेची टांगती तलवार विश्वास-अविश्वास ठरावापुरती ठेवा. पस्तीस वर्षांत काँग्रेस, जनता दल, भाजप, तिसरी आघाडी सगळ्यांची सरकारे येऊन गेली. कोणीही त्या शिफारशीला हात लावला नाही. सत्तेत बसल्यावर कोणाला नको असते अशी तलवार, जी आपल्याच हातात असते?

मत आधीच ठरलेले असेल तर चर्चा उरते ती केवळ विधी म्हणून. विधेयकाच्या दुसऱ्या वाचनाचा शेवटचा टप्पा कधी संसद टीव्हीवर बघा. नियमानुसार इथे प्रत्येक कलमाचा स्वतंत्र विचार व्हायचा असतो, कायद्याची खरी घडण इथेच. पीठासीन अधिकारी वाचतात, 'कलम २ ते ४५ विधेयकाचा भाग व्हावीत असा प्रस्ताव आहे. जे अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.' एक गलका. 'जे प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.' दुसरा गलका, कधी कधी पहिल्याहून मोठा. 'होयचे बहुमत, होयचे बहुमत.' चव्वेचाळीस कलमे निघाली, तुम्ही चहाचा कप खाली ठेवायच्या आत. कोणत्या खासदाराने काय मत दिले याची नोंद आवाजी मतदानात राहत नाही. म्हणून एखाद्या सदस्याने मागणी केली तर मतविभागणी घ्यायची असते. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयकांवर ती मागितली गेली आणि गोंधळात ती झाली नाही. सदस्य आपापल्या जागेवर नव्हते, असे कारण दिले गेले. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेलंगणाचे विधेयक लोकसभेने मंजूर केले तेव्हा सरकार दुसरे होते. त्या वेळी तर सभागृहाचे थेट प्रक्षेपणच बंद पडले होते. कृषी कायद्यांचा पुढचा प्रवास सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षभराचे आंदोलन, न्यायालयाची स्थगिती, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना माघार. कायदे आणताना चर्चा नको होती आणि मागे घेतानाही नको होती. मधल्या काळात ती चर्चा दिल्लीच्या सीमांवर, थंडीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये झाली.

सभागृहाच्या गोंगाटाबाहेर शांतपणे काम करायला आपण १९९३ मध्ये विभागवार स्थायी समित्या उभ्या केल्या. तिथे कॅमेरे नसतात, पक्षादेश चालत नाही, अधिकाऱ्यांना आणि तज्ज्ञांना बोलावता येते, आणि विरोधी खासदारही सरकारला शहाणपणाचे चार शब्द सांगू शकतो. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या नोंदींप्रमाणे पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. समित्या वेळ खातात, सरकारला पाच वर्षांत काम दाखवायचे असते, हा युक्तिवाद मला कळतो. पण घाई खरोखर कायद्याची असते का? नागरिकत्व दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये तीन दिवसांत दोन्ही सभागृहांतून बाहेर पडले. ते अमलात आणणारे नियम राजपत्रात आले मार्च २०२४ मध्ये. संसदेला श्वास घ्यायला सवड नव्हती. मंत्रालयाला मात्र चार वर्षे होती.

नियमांच्या या दालनात शिरले की सत्तेचा पत्ता नीट कळतो. कायद्यात ढाचा असतो आणि 'विहित करण्यात येईल त्याप्रमाणे' एवढे लिहून बाकी सारे सरकारवर सोडलेले असते. औषधातील घटकांचे प्रमाण किंवा बॉयलरची जाडी खासदारांनी ठरवावी, असे कोणी म्हणणार नाही. पण दंड कोणाला, सूट कोणाला, कायदा कोणत्या तारखेपासून, हेही अधिसूचनेने ठरू लागले की संसदेने केले काय? हे नियम पटलावर तीस दिवस ठेवले जातात. खासदार त्यांवर दुरुस्ती मागू शकतात. ती किती वेळा मागितली जाते, हे दिल्लीतल्या कोणत्याही अनुभवी पत्रकाराला विचारा आणि त्याचा चेहरा पाहा.

इथे सरकार समर्थक म्हणतील की संसद बंद पाडतात ते विरोधक, मग चर्चेविना विधेयके मंजूर झाली तर दोष कोणाचा? बिनबुडाचा आरोप नाही हा. २०१२ मध्ये कोळसा खाणींच्या वाटपावरून भाजपने पावसाळी अधिवेशन जवळपास धुऊन काढले होते, तेव्हा तेच विरोधक होते. फलक, अध्यक्षांसमोरच्या हौद्यात उतरणे, कागद भिरकावणे यांना मी लोकशाहीचे अलंकार मानत नाही. पण बोलण्याची वैध जागा जितकी आक्रसते तितका हौदा भरतो. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले. ते बाहेर असतानाच देशाचे तिन्ही फौजदारी कायदे बदलले गेले. त्यांची मागणी काय होती? सभागृहाच्या सुरक्षेत पडलेल्या भगदाडावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे, एवढीच.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी अध्यक्षीय पद्धत नाकारून संसदीय पद्धत का घेतली, याचे कारण सांगितले होते. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व जास्त, आणि आपण उत्तरदायित्व निवडले. मतदार सरकारचा हिशेब ठरावीक काळाने घेतो. संसद तो रोज घेते, प्रश्नांतून, ठरावांतून, स्थगन प्रस्तावांतून, चर्चेतून. संसदेची सत्ता कुठून येते, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला आढळलेले नाही. कायदे मंजूर करणे हे तिचे काम आहेच, पण मोजून हात वर करायला सभागृह लागत नाही. सरकारला उभे करून विचारायला लागते. रोजचा हिशेब बंद झाला की उरते ती पाच वर्षांनी एकदा निवडणूक, म्हणजे बाबासाहेबांनी नाकारलेली पद्धतच, फक्त तिच्यातल्या अंकुशांविना.

सत्ता नसलेले विधिमंडळ कसे दिसते हे आपण पाहिलेले आहे. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते वर्षभर प्रांतिक सरकारांकडे आणि संस्थांकडे मतासाठी फिरले. मार्च १९१२ मध्ये त्यावर तपशिलात चर्चा झाली, आणि सरकारी सभासदांच्या बळावर ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. सरकारी सभासद हुकमाप्रमाणे मत देत, त्यांची मने वळवण्याचा प्रश्नच नव्हता. गोखल्यांना हे आधीपासून ठाऊक होते. तरी त्यांनी आकडे मांडले, आक्षेपांना उत्तरे दिली. ज्या कौन्सिलला आपण नामधारी म्हणून हिणवतो, तिथे एका विरोधी सभासदाचे विधेयक वर्षभर देशात फिरू शकत होते. स्वतंत्र भारतात खासदाराने मांडलेले अशासकीय विधेयक शेवटचे कायद्यात उतरले ते १९७० मध्ये. हुकमाने मत देणारे तेव्हा फक्त सरकारी बाकांवर होते. आता तो हुकूम सगळ्याच बाकांवर चालतो, आणि त्याला घटनेची मान्यता आहे.

मग करायचे काय? पक्षादेशाची तलवार विश्वासमतापुरती मर्यादित ठेवायला दहाव्या अनुसूचीत दुरुस्ती लागेल. ती अवघड आहे, कारण ज्यांनी करायची त्यांचाच तोटा आहे. धनविधेयकाची व्याख्या मोठे पीठ कधीतरी करील. पण प्रत्येक सरकारी विधेयक आपोआप स्थायी समितीकडे जावे, ते टाळायचे असेल तर कारण सभागृहापुढे लेखी ठेवावे, आणि अंतिम मंजुरीचे प्रत्येक मतदान नावानिशी नोंदवले जावे, यासाठी ना घटनादुरुस्ती लागते ना न्यायालयाचा निकाल. मतदानाची यंत्रे प्रत्येक बाकावर बसवलेलीच आहेत. कामकाजाचे नियम बदलले की झाले, आणि ते बदलण्याचा अधिकार ११८ व्या कलमाने त्या त्या सभागृहालाच दिलेला आहे.